संगीत, गेम आणि लोकल : एकाच इअरबड्समध्ये भागेल का?

घोडबंदरी
मंडळी, जरा सल्ला हवाय.

राहायला कासारवडवली, नोकरी ऐरोलीला. म्हणजे आधी घोडबंदर रोड, मग ठाणे स्टेशन, मग ट्रान्सहार्बर लोकल. जाता-येता गाणी आणि पॉडकास्ट ऐकतो. रात्री मुलगी झोपली की लॅपटॉपवर रीपर (संगीत बनवायचं सॉफ्टवेअर) उघडून बसतो. मित्रांच्या ग्रुपला एकांकिकांसाठी पार्श्वसंगीत करून देतो, हौस म्हणून. लॅपटॉपला जोडून वाजवायचा छोटा २५ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड आहे, बाकी सगळं लॅपटॉपमध्येच. आणि शनिवार-रविवार मावसभावाबरोबर गेमिंग, कधी फोनवर बीजीएमआय तर कधी लॅपटॉपवर.

तिन्हीसाठी मिळून नॉइज कॅन्सलिंगवाले वायरलेस इअरबड्स घ्यायचे आहेत. एकच जोडी. बजेट १२ हजार, फारच चांगलं काही असेल तर १५ पर्यंत ताणेन. फोन अँड्रॉइड, लॅपटॉप विंडोज. गोखले रोडवरच्या एका दुकानात विचारलं, तर तो म्हणाला, "सर, हे टॉपचं मॉडेल आहे, यात सगळं होतं." त्यावर विश्वास बसेना म्हणून इथे आलो.

बटाटावडा_अमर_रहे
चहा आणि पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

मध्यलय
गाणी ऐकायला होईल, लोकलमध्ये होईल. वाजवायला होणार नाही. आणि हा पैशांचा प्रश्न नाही. १२ ऐवजी ३० हजारांचे घेतलेस तरी होणार नाही.

ब्लूटूथवर आवाज जाताना आधी तो दाबून लहान केला जातो, पुड्या बांधून पाठवला जातो, मग बड्समध्ये थोडा साठवून उलगडला जातो. साठवतात अशासाठी, की मध्येच एखादी पुडी हरवली तर गाणं तुटू नये. या सगळ्यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तू पट्टी दाबतोस आणि स्वर तुला जवळजवळ ७० मीटरवरच्या स्पीकरमधून ऐकू येतो. तालात वाजवून दाखव!

याउलट तार लावलीस आणि रीपरमध्ये बफर (म्हणजे आवाजाचा साठा) १२८ सॅम्पलचा ठेवलास, तर ४४.१ किलोहर्ट्झवर तो बफर ३ मिलिसेकंदांपेक्षाही कमी होतो. बाकीची ये-जा धरून एकूण १० च्या आसपास राहतं आणि हाताला काही जाणवत नाही. विंडोजवर त्यासाठी आसिओ ड्रायव्हर (उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर) लागेल. साउंड कार्ड नसेल तर आसिओ४ऑल फुकट आहे, ते टाक.

हेडशॉट_हरी
काहीही हं. माझे अडीच हजारांचे बड्स आहेत. गेम मोड ऑन केला की बीजीएमआयमध्ये काही लॅग येत नाही. हे २०० मिलिसेकंद वगैरे जुन्या काळातलं झालं.

मध्यलय
@हेडशॉट_हरी, गेम मोडमध्ये तो साठा कमी करतात, त्यामुळे उशीर कमी होतो हे खरं. खोक्यावर ४० किंवा ६० मिलिसेकंद छापलेलं असतं. पण तो आकडा कंपनीने कुठून कुठपर्यंत मोजला ते छापत नाहीत. फोनचा स्वतःचा वेळ त्यात धरलेला नसेल तर तो वर वाढतो. शिवाय गेम मोड सहसा बड्सच्या ॲपमधून फोनवर चालू होतो, लॅपटॉपवर काय होईल ते दैवाधीन.

आणि समजा ६० खरे धरले. गेममध्ये चालून जाईल. कीबोर्डवर द्रुत लयीत काही वाजवायचं असेल तर नाही चालणार.

ऐरोलीची_ट्रेन
मी याच मार्गावरची, उलटी बाजू: ऐरोलीहून ठाण्याला. त्यामुळे लोकलच्या भागाबद्दल बोलते, बाकीचं मला कळत नाही.

एएनसीने, म्हणजे नॉइज कॅन्सलिंगने, पंख्यांची घरघर, गाडीच्या मोटरचा हूं आवाज, रिक्षाच्या इंजिनाचा गुरगुराट हे बऱ्यापैकी गायब होतं. सुरुवातीला तर कानात दडे बसल्यासारखं वाटतं. पण लेडीज डब्यात "कानातले घ्या, क्लिपा घ्या" हे जात नाही. उलट आधीपेक्षा स्वच्छ ऐकू येतं! हॉर्न, भांडणं, लहान मुलाचं रडणं, सगळं येतं. घोडबंदरला मेट्रोच्या कामाजवळून रिक्षा जाते तेव्हा जनरेटरची धडधड कमी होते, लोखंडावरचा ठणठणाट आहे तसाच.

त्यामुळे "शांतता" या जाहिरातीवर जाऊ नका. पण सकाळच्या प्रवासाने डोकं दुखायचं ते दुखत नाही, एवढा फरक मला नक्की पडलाय.

बटाटावडा_अमर_रहे
म्हणजे नवरा बोलला तर ऐकू येतो की नाही ते सांगा. खरेदीचा निर्णय त्यावर अवलंबून आहे. (हलकं घ्या.)

ऐरोलीची_ट्रेन
येतो. त्यासाठी आवाज वाढवावा लागतो. :)

खडूस_काका
ताईंचा अनुभव बरोबर आहे आणि त्याला कारण आहे. बाहेरच्या आवाजाची लाट मायक्रोफोनने पकडायची आणि तिच्या बरोबर उलटी लाट कानात सोडायची, म्हणजे दोन्ही एकमेकींना खातात. १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटर लांब असते, तिला गाठायला वेळ मिळतो. ५००० हर्ट्झची लाट सात सेंटिमीटरसुद्धा नसते. तिथे किंचित चुकामूक झाली की उलटी लाट सुलटीत मिसळायची. म्हणून साधारण १००० हर्ट्झच्या वरचं काम इलेक्ट्रॉनिक्सवर न सोडता रबराच्या टोपीवर सोडतात. टोपी कानात नीट बसली नसेल तर खालचंही गळतं. लोक हजारो रुपये घालतात आणि खोक्यातल्या तीन मापांच्या टोप्या बदलून बघत नाहीत.

कल्पना नवी नाही. पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाने १९३४ साली अमेरिकेत या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३६ साली त्याला ते मिळालंसुद्धा. पण उलटी लाट वेळेत तयार करणारी यंत्रणा तेव्हा कुठे होती? १९७८ साली अमर बोस यांना विमानप्रवासात हेडफोनमधून इंजिनाचाच आवाज जास्त येतोय हे खटकलं, तिथून त्यांनी काम सुरू केलं. वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं. आता तेच सगळं तुमच्या कानाच्या भोकात मावतंय आणि त्यात तुम्ही रील्स बघताय.

हेडशॉट_हरी
काका, तुम्ही स्वतः वापरता का?

खडूस_काका
हो. मी रात्री बातम्या लावतो त्याचा घरात त्रास होतो म्हणून सौभाग्यवतींनी आणून दिलेत.

नवी_मुंबईचा_राजू
माझा एक बाळबोध प्रश्न. २०० मिलिसेकंद उशीर असेल तर यूट्यूबवर ओठ आणि आवाज जुळतात कसे? मला तर कधी फरक दिसला नाही.

मध्यलय
अजिबात बाळबोध नाही, इथेच दुकानदार गंडवतात. फोनला माहीत असतं की बड्सकडे आवाज उशिरा पोचणार आहे. मग तो चित्रच तेवढं उशिरा दाखवतो. व्हिडिओ आधीच तयार असल्यामुळे हे जमतं. गेममध्ये तू गोळी कधी झाडणार किंवा कीबोर्डवर सा कधी दाबणार हे फोनला आधी माहीत नसतं, त्यामुळे मागेपुढे सरकवायला काही उरतच नाही. म्हणून दुकानात व्हिडिओ लावून "बघा, लॅग नाही" म्हणतात त्याला काही अर्थ नाही. तिथेच फोनवर एखादं पियानोचं ॲप टाकून बोटाने टकटक करून बघ, दहा सेकंदांत निकाल लागतो.

एलडॅक_भक्त
धागाकर्त्याने एलडॅक (ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायची एक पद्धत) असलेलेच घ्यावेत. अँड्रॉइड आहे तर साध्या एसबीसी पद्धतीवर कशाला अडकायचं? एलडॅक लॉसलेस आहे, म्हणजे आवाजातलं काहीच गाळत नाही, संगीत करणाऱ्याला दुसरं काही ऐकवणारच नाही.

वायरवाला
लॉसलेस नाही. एलडॅक जास्तीत जास्त सेकंदाला ९९० किलोबिटवर जातं, सीडीला १४११ लागतात. चांगलं आहे, पण लॉसलेस म्हणू नका.

आणि ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी उभे राहा. हजारो फोन, बड्स, घड्याळं, सगळी २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात बोलत असतात. तिथे ९९० टिकत नाही. ६६० किंवा ३३० वर उतरतं, किंवा हट्टाने ९९० वर अडकवून ठेवलंत तर आवाज तुटतो. लोकलमध्ये एएसी (तशीच आणखी एक पद्धत) आणि एलडॅक ओळखून दाखवणाऱ्याला माझ्याकडून मामलेदारची मिसळ.

शिवाय एलडॅकचा उशीर कमी नसतो, बहुतेक वेळा जास्तच. म्हणजे घोडबंदरीला ज्याची अडचण आहे त्यात भरच.

एलडॅक_भक्त
मिसळीचं पक्कं समजू का?

वायरवाला
तिखट. आणि डोळे बांधून ऐकायचं.

निषाद_कोमल
उशीर बाजूला ठेवा, मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. मी गाते आणि थोडंफार मिक्सिंग करते.

एक, गाण्याचा रियाज कानात घट्ट बसणारे बड्स घालून करू नका. कानाचं भोक बंद झालं की आपला आवाज हाडांतून आतच घुमतो, खर्ज फुगल्यासारखा वाटतो आणि आपण नक्की कुठे लागलोय ते कळत नाही. तानपुऱ्याचं ॲप बड्समध्ये लावून आम्ही गातो तेव्हा एक कान मोकळा ठेवतो. पारदर्शक मोड असतो त्याने थोडं बरं वाटतं, पण मोकळ्या कानाची सर येत नाही.

दोन, आणि हे घोडबंदरींसाठी. बाजारातल्या बहुतेक बड्सचा खालचा आवाज मुद्दाम चढवलेला असतो, कारण लोकांना तो आवडतो. त्यावर मिक्स केलंत तर डग्गा, ढोल, बेस तुम्हाला आधीच भरपूर वाटणार आणि तुम्ही कमी करून ठेवणार. मग तेच नाट्यगृहाच्या स्पीकरवर लावलं की सगळं पत्र्यासारखं. त्यातून एएनसी चालू-बंद केलं, टोपी थोडी सरकली, किंवा बड्स स्वतःच कानाप्रमाणे आवाज बदलत असले, की आज ऐकलेलं उद्या वेगळं वाटतं. मोजपट्टीच रोज बदलत असेल तर माप कशाचं घेणार?

पण म्हणून बड्स अगदीच निरुपयोगी असंही नाही. मिक्स झालं की शेवटी मी ते बड्सवर, फोनच्या स्पीकरवर आणि गाडीत ऐकते. ऐकणारे लोक त्यावरच ऐकणार आहेत ना. संवाद बुडतोय का, हार्मोनियम कर्कश होतेय का, ते तिथे पटकन कळतं.

घोडबंदरी
बाप रे, एका दिवसात एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

निषादताई, मागच्या एकांकिकेला अगदी हेच ऐकलं होतं दिग्दर्शकाकडून. त्याचा शब्द "पत्रा" नव्हता, इथे लिहिण्यासारखा नव्हता.

पण मला अजून एकच जोडी हवी आहे. घरात आधीच चार्जर, माउस, कीबोर्ड यांचा गुंता आहे आणि मुलगी दीड वर्षाची आहे. जी वायर दिसेल ती ओढते. २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (पोर्टमध्ये खोचायची छोटी कांडी) असलेले गेमिंग बड्स असतात म्हणे, त्यांचं काय?

हेडशॉट_हरी
आता आलात मुद्द्यावर! डोंगलवाले बेस्ट. ब्लूटूथ नसतं त्यामुळे उशीर २०-३० मिलिसेकंदांवर येतो. पावलं कुठून येतायत ते नेमकं कळतं.

आणि सोनीचे इनझोन बड्स बघा. डोंगल आहे, एएनसी आहे, बॅटरी भरपूर. तिन्ही खाती एकाच जागी.

वायरवाला
हरी, अर्धंच सांगितलंस. इनझोन बड्स डोंगलशिवाय फोनला फक्त एलई ऑडिओवर (ब्लूटूथच्या नव्या पद्धतीवर) जोडले जातात, साधं जुनं ब्लूटूथ त्यात नाहीच. धागाकर्त्याच्या फोनमध्ये एलई ऑडिओ नसेल तर लोकलमध्ये फोनच्या बुडाला डोंगल लावून फिरावं लागेल. गर्दीत कोणाचा धक्का लागला की डोंगलही गेला आणि फोनचं पोर्टही. शिवाय ते त्यांच्या बजेटच्या वर जातात.

इतर काही गेमिंग बड्समध्ये डोंगल आणि साधं ब्लूटूथ दोन्ही असतं. पण २५-३० मिलिसेकंद हे बड्सचे झाले, त्यात रीपरचा बफर मिळवा. पॅड्स, स्ट्रिंग्ज असं संथ काही वाजवायचं तर चालेल. तबल्याचे बोल पट्ट्यांवर वाजवायचे तर हात अडखळणार.

हेडशॉट_हरी
हो पण त्यांना तबला वाजवायचाय असं कुठे म्हणाले ते?

घोडबंदरी
वाजवायचाय :( पुढची एकांकिका लोककलेवर आहे. ढोलकी, संबळ, सगळं पट्ट्यांवर.

मध्यलय
मग विषय संपला. संबळ आणि ब्लूटूथ, नको रे बाबा.

रात्रपाळी
मी थोडं विरुद्ध बोलतो. मी गेली काही वर्षं सगळं बड्सवरच करतोय. युक्ती एवढीच की मी थेट वाजवत नाही. पियानो रोलमध्ये (पडद्यावरच्या स्वरांच्या चौकटीत) माउसने स्वर टाकतो, मग प्ले करून ऐकतो. ऐकताना सगळंच सारखं उशिरा येतं, त्यामुळे काही बिघडत नाही. हौशी माणसाला हे पुरतं. इथे सगळे अशा थाटात बोलतायत की बड्स घातले तर संगीत होणारच नाही.

निषाद_कोमल
@रात्रपाळी, तुमचं बरोबर आहे, माउसने करायचं तर चालतंच. पण ढोलकीची लग्गी माउसने टाकून बघा. आकड्यात बरोबर आणि कानाला मेलेली. हाताची ती किंचित पुढेमागे होणारी जागाच तर हवी असते.

रात्रपाळी
ते मान्य. मी लोफाय (मुद्दाम संथ, धूसर ठेवलेलं संगीत) करतो, त्यात मेलेलंच चालतं.

कान_नाक_घसा
धागा चुकून उघडला, पण राहवलं नाही. पेशाने डॉक्टर आहे, आयडीवरून कळलंच असेल.

जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ हिशेब असा: ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास सुरक्षित. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. रोज दोन तास लोकलमध्ये, रात्री दोन तास काम, वर गेमिंग, असं जोडून बघा. लोकलच्या घरघरीवर मात करायला लोक आवाज चढवतात, नुकसान तिथे होतं. त्यामुळे एएनसीचा खरा फायदा मी कानासाठी मानतो: घरघर कमी झाली की आवाज खाली ठेवता येतो. खाली ठेवला नाहीत तर फायदा शून्य. बऱ्याच फोनमध्ये आठवड्याचा हिशेब दिसतो, बघत जा.

दुसरं पावसाळ्याचं. जून ते सप्टेंबर माझ्याकडे कानाच्या बुरशीचे रुग्ण वाढतात. दमट हवा, भिजलेले केस, त्यावर तासन्‌तास रबरी टोपी. कान कोरडा झाल्याशिवाय घालू नका, टोप्या पुसत जा, दुसऱ्याला देऊ नका. खाज आली तर पिन, काडी, किल्ली काहीही आत घालू नका. हे वाक्य मी दिवसभर बोलतो, इथेही बोलून घेतलं.

ऐरोलीची_ट्रेन
डॉक्टर, किल्ली? खरंच?

कान_नाक_घसा
स्कूटरची. ठाण्यात माणसं फार कल्पक आहेत.

खडूस_काका
डॉक्टरांच्या यादीत एक माझंही घाला. रूळ ओलांडताना, फाटकाजवळ, घोडबंदरवर सर्व्हिस रोड पार करताना दोन्ही कान मोकळे. ताईंना फेरीवाले ऐकू येतात, पण अंगावर येणाऱ्या गाडीचा सुरुवातीचा घरघराटच तर हे यंत्र खाऊन टाकतं.

पामबीच
घेण्याआधी दोन गोष्टी, अनुभवातून.

पहिली म्हणजे नकली माल. रस्त्यावरचा सोडाच, चांगल्या चकचकीत दुकानातूनही मला हुबेहूब डबा, हुबेहूब बड्स मिळाले होते. फोनला जोडल्यावर पॉप-अपसुद्धा यायचा. एएनसीचं बटण होतं, दाबलं की फक्त "टुंग" वाजायचं. दुकानाचं नाव घेत नाही, भांडून अर्धे पैसे परत मिळाले. तेव्हापासून खोक्यावरचा आर ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासतो आणि अनुक्रमांक कंपनीच्या साइटवर.

दुसरी गोष्ट बॅटरी. प्रत्येक बडमध्ये वाटाण्याएवढा लिथियम सेल असतो आणि बहुतेक मॉडेलमध्ये तो बदलता येत नाही. दोन-तीन वर्षांत दम कमी होतो, आणि दोन्ही बाजूंचा सारखा होत नाही. माझा डावा वाशीला दगावतो, उजवा पनवेलपर्यंत जातो. वॉरंटी बहुतेकदा एकाच वर्षाची. तारेच्या हेडफोनला हे दुखणंच नाही. म्हणून १५ हजार बड्समध्ये घालताना, ही वस्तू तीन वर्षांची आहे हे धरूनच घाला.

नवी_मुंबईचा_राजू
डावाच का आधी जातो? माझाही डावाच.

पामबीच
फोनवर बोलताना आपण एकच लावतो, बहुतेक त्यामुळे. काही बड्समध्ये एक बाजू फोनशी बोलते आणि दुसरीला पुढे पोचवते, तिथे त्या बाजूचं काम जास्त होतं. मी आता बोलताना मुद्दाम उजवा लावतो.

बटाटावडा_अमर_रहे
डावे-उजवे आलं. धागा पूर्ण भरकटून त्याचं काश्मीर व्हायला आता फक्त निवडणूक राहिली.

रात्रपाळी
संपादक मंडळ जागं असेल तर वरचा प्रतिसाद बघा :)

हेडशॉट_हरी
गेमिंगबद्दल एक राहिलं. मावसभावाशी बोलत खेळता ना? बड्सचा माइक चालू केला की आवाज एकदम भिकार होतो, जुन्या टेलिफोनसारखा. माझ्याही होतो, हे कबूल. लॅपटॉपवर जास्तच.

वायरवाला
कारण माइक लागला की जुनं ब्लूटूथ गाण्याचं प्रोफाइल सोडून फोन कॉलच्या प्रोफाइलवर उतरतं. मोनो आवाज, ८ किंवा १६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग. पावलं डावीकडून येतायत की उजवीकडून हा प्रश्नच संपतो. एलई ऑडिओमध्ये हे सुधारतंय, विंडोज ११ वर आलंयही, पण लॅपटॉप आणि बड्स दोन्हीत ते असावं लागतं. तोवर उपाय सोपा: बोलायला लॅपटॉपचा माइक निवडायचा, बड्स फक्त ऐकायला.

कोणी कन्सोलवाले वाचत असतील तर: पीएस५ आणि एक्सबॉक्स ब्लूटूथ बड्स थेट जोडूनच घेत नाहीत. निन्टेंडो स्विच २०२१ च्या अपडेटपासून घेतो, पण ब्लूटूथ माइक चालत नाही. घेतल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आता घोडबंदरी, माझं मत. १२ हजारांचे दोन भाग कर. दोन हजारांच्या आत तारेचे चांगले इन-इअर (कानात बसणारे इअरफोन) मिळतात. केझेड कंपनीचे बघ किंवा मूनड्रॉपचं चू नावाचं मॉडेल. कानात नीट बसले की बाहेरचा आवाज बराच अडतो, बॅटरी नको, उशीर नाही. वाजवणं आणि लॅपटॉपवरचं गेमिंग त्यावर. उरलेल्यात पाच-सहा हजारांचे एएनसी बड्स लोकलसाठी. त्या किमतीतलं एएनसी आता लोकलच्या घरघरीला पुरतं. वरचे पैसे साउंड कार्डाला ठेव.

मध्यलय
+१. फक्त मिक्सिंगला इन-इअरपेक्षा कानावर बसणारा बंद हेडफोन घे, ऑडिओ टेक्निकाच्या एम मालिकेतला वगैरे. रात्री दोन तास कानात काही खुपसून बसण्यापेक्षा बरं. डॉक्टरही खूष.

एलडॅक_भक्त
म्हणजे शेवटी तीन वस्तू झाल्या. माणूस एक मागायला आला होता.

बटाटावडा_अमर_रहे
दुकानदार निदान एकच विकत होता.

घोडबंदरी
अपडेट देतो.

मध्यलय यांनी सांगितलेली पियानो ॲपची चाचणी त्याच दुकानात जाऊन केली. त्याच्याकडचे सगळ्यात महागडे बड्स लावले आणि फोनवर टकटक केली. दुकानदार म्हणाला, "सर, ॲपमध्ये प्रॉब्लेम आहे." मग माझी जुनी फोनबरोबर आलेली तार लावून तेच ॲप दाखवलं. तो म्हणाला, "सर, तुम्हाला वायरवालंच दाखवू का?"

घेतलं असं: लोकलसाठी मधल्या किमतीचे एएनसी बड्स, एलडॅक नसलेले (भक्तांनी माफ करावं, मिसळ मात्र तुमची तुम्ही बघा). टोप्या बदलून पाहिल्यावर डाव्या कानाला मधली आणि उजव्याला लहान लागली, हे काकांमुळे कळलं. वाजवण्यासाठी तारेचे इन-इअर. साउंड कार्ड पुढच्या महिन्यात. मोठा हेडफोन सध्या नाही. मिक्स निषादताई म्हणतात तसं तीन ठिकाणी ऐकून बघेन.

हरीचं एक मात्र पटलं नाही असं नाही. फोनवर बीजीएमआय गेम मोडमध्ये खरंच ठीक चाललं. मी तसाही पावलं ऐकू येऊनही मरतो.

हेडशॉट_हरी
बघा! मी म्हणत होतो.

खडूस_काका
मरण्याबद्दल की गेम मोडबद्दल?

घोडबंदरी
आता शेवटचा प्रश्न. इन-इअरची तार सव्वा मीटर आहे. लॅपटॉप टेबलाच्या मागच्या बाजूला, कीबोर्ड पुढे, आणि तार बरोबर मुलीच्या हाताच्या उंचीवर लोंबते. ३.५ चं एक्स्टेन्शन लावलं तर आवाजाला काही होतं का?

वायरवाला
दोन-तीन मीटरला काही होत नाही. सांधा ढिला नाही ना एवढं बघ, नाहीतर एका कानाचा आवाज जाईल आणि तू इन-इअरला शिव्या देशील. एक्स्टेन्शन टेबलाच्या खालच्या बाजूने क्लिपांनी बसव आणि सांधा पुढच्या कडेला आण. मुलीने ओढलं तर तिथे सुटेल, लॅपटॉप खाली येणार नाही.

निषाद_कोमल
आणि पुढची एकांकिका कुठे, कधी ते इथेच टाका. संबळ ऐकायला येते.